कूर्मराव जाणते कधी होणार?

मेल राजवीथी, तंजावूर
१६ एप्रिल २०२५

ती. वेंकटमामांस,

साष्टांग नमस्कार. नमस्कार आधी, भांडण नंतर.

फोन केला की तुम्ही म्हणता, "मी पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालोय. फोनवरच्या शब्दावर तारखेचा शिक्का बसत नाही, काय ते लिहून पाठव." घ्या, लिहिलं. माझं देवनागरी हिंदीच्या ट्यूशनमधलं आहे, काना-मात्रा चुकली तर ओरडू नका. त्याच ट्यूशनमध्ये तुमची वाणी पहिल्या बाकावर बसायची. माझं लक्ष फळ्याकडे कमी होतं, हा काय माझ्या एकट्याचा दोष?

आधी मागचं सगळं लिहून काढतो, म्हणजे उद्या "मी असं बोललोच नाही" व्हायला नको. दोन नवरात्रांमागे तुमच्या पापनाशमच्या घरी कोलू मांडला होता. वरपासून खालपर्यंत पायऱ्या, पायऱ्यांवर बाहुल्या, दुसऱ्या पायरीवर तुमच्या आजीच्या वेळचे मातीचे दशावतार. मी वाणीकडून हरभऱ्याच्या सुंडलचा द्रोण घ्यायला वळलो आणि माझ्या कोपराने कूर्मावतार खाली पडून फुटला. तुम्ही सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "ह्या मुलाला एक वस्तू धड सांभाळता येत नाही." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उद्या ह्याच्यापेक्षा भारी कूर्म आणून ठेवतो!"

सुटा कूर्म कोण विकतो, मामा? दुकानदार म्हणतो, घ्यायचे तर दहाही अवतार घे. मग मी तिरुचीच्या मित्राकडचं कासव आणलं. परदेशी जातीचं, सरकारी कागदांसकट. आपल्याकडचं रानातलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे एवढं मला कळतं. मित्र म्हणाला, पिल्लूच आहे अजून. न सोललेल्या नारळाएवढं होतं. मान आत घेऊन पायरीवर गप्प बसलं, तुम्ही चष्मा घातला नव्हता, तुम्हाला ते मातीचंच वाटलं. कुंकू लावलंत, आरती ओवाळलीत, आणि मग ते वराहाला ढकलून नरसिंहापर्यंत चालत गेलं.

विजयादशमीला माझ्या आईने वाणीसाठी शब्द टाकला. तुम्ही कोलूसमोर उभे राहून, त्या कासवाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "हिराबाई, हे कासव जाणतं होईल त्या दिवशी तांबूल घेऊन या. तोवर बोलणं नाही." लग्न ठरल्याचं तांबूल, मामा. कोलूसमोर दिलेला शब्द. होय की नाही?

तर मी कळवतो की कासव जाणतं झालेलं आहे. पुरावा पहिला, ते आता पायरीवर मावत नाही, गेल्या नवरात्रात त्याच्यासाठी वामनाला खाली उतरावं लागलं. पुरावा दुसरा, पाठीवरच्या चौकटींत वलयं असतात, एक वलय म्हणजे एक वर्ष. वाणीने पाठवलेल्या फोटोत मी मोजली, ती माझ्या वयापेक्षा जास्त भरली.

आईने कधी यायचं ते कळवा.

तुमचा,
वरुणराव


पापनाशम
२४ एप्रिल २०२५

चि. वरुणरावास अनेक आशीर्वाद.

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे, म्हणून मी सांगतो आणि वाणी लिहिते. तुझं पत्रही तिनेच वाचून दाखवलं. (सगळं. ट्यूशनच्या बाकासकट. तो भाग अप्पांनी पुन्हा वाचायला लावला.)

फोटोचा खुलासा झाला. तिचा फोन आता माझ्या कपाटात राहील. (मूर्खा! "काय लिहिलंस?" विचारताहेत. सांगितलं. "राहू दे," म्हणाले.)

मी शब्द दिला हे खरं. मी शब्द मोडत नाही. पण तुझे पुरावे पुरावे नव्हेत. आकारावर जाणतेपण ठरत असेल तर शेजारच्या शेषम्मेच्या मांडवावरचा भोपळा केव्हाच जाणता झाला. आणि वलयांचं मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वलय वर्षाचं नसतं, खाण्याचं असतं. दिवस भरभरून खाण्याचे गेले की एक उठतं, मग एकाच वर्षात कितीही. आमच्या घरी त्याला जास्वंदीची पानं आणि कोवळं गवत वेळेवर मिळतं, त्याचा हिशेब तू त्याच्या वयात धरलास.

जाणतेपण वागण्यात दिसतं. वागणं दाखव. येत्या रविवारानंतरच्या रविवारी ये, ओट्यावर बस, अंगणात बघ. आत येऊ नकोस.

वागण्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. प्रयोगवहीवर सरांनी लाल रेघ मारली म्हणून तू वही त्यांच्या टेबलावर आपटून तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलंस, असं हिराबाई सांगत होत्या. आमचं कासवही भिंतीला डोकं लावतं. पण ते नंतर वळतं.

वेंकटराव
(ता. क. रविवारी सकाळी लवकर ये. ऊन झालं की ते झाडाखाली जातं.)


तंजावूर
४ मे २०२५

ती. मामा,

आत्ताच परतलो आणि हातपाय न धुता लिहायला बसलो. वागणं दाखव म्हणालात ना? दाखवतो.

सकाळपासून मी तुमच्या ओट्यावर बसून फक्त कासव बघितलं. खिडकीकडे बघितलं नाही. एकदाच बघितलं, ते किती वाजले बघायला.

त्याने जास्वंदीला तोंड लावलं नाही. अंगणात नुसत्या येरझाऱ्या. कढीपत्त्याखाली जायचं, मागच्या पायांनी माती उकरायची, अर्धवट सोडायची, दोन हात पुढे जाऊन पुन्हा उकरायची, तेही सोडायचं. आतून वाणी म्हणाली, "त्याच्या पोटात दुखतंय का?" पोटात? मामा, हा आजार मी ओळखतो! जेवण नको, एका जागी बसवत नाही, हाती येईल ते सुरू करायचं आणि मधेच टाकायचं. माझी आई माझ्याबद्दल शेजारणींना शब्दशः हेच सांगते.

आणि मग हेल्मेट! मी माझं हिरवं हेल्मेट त्याच झाडाखाली ठेवलं होतं. कासव थबकलं. मान लांब केली. चालत आलं आणि धाड! हेल्मेट उलटं झालं. पुन्हा धाड! असं ढकलत ढकलत अंगण ओलांडून तुळशीमागे नेलं आणि त्याला चिकटून बसलं. मी उचलायला गेलो तर माझ्या अंगठ्यावर चाल करून आलं. तुम्ही आतून ओरडलात, "एन्नडा सत्तम? कसला गोंधळ?" मी म्हणालो, "मामा, कासव हेल्मेट देत नाही." तुम्ही म्हणालात, "मग हेल्मेट राहू दे आणि तू जा."

बिनहेल्मेटचा तंजावूरपर्यंत आलो, पण आनंदात आलो. हे प्रेम नाही तर काय आहे? पोरासोरांना असं होत नाही. पुरुष आहे तो. जाणता, भरात आलेला पुरुष, आणि ज्याच्यावर जीव जडला त्याच्यासाठी अंगठा तोडायला तयार आहे. आता बोला.

वरुणराव


पापनाशम
९ मे २०२५

चि. वरुणरावास आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं. (माझा हात थांबला. "लिही," म्हणाले.) मीही त्याला तुळशीमागे बसलेलं पाहिलं, एका डोळ्याने. कासव जाणतं आहे, पुरुष आहे आणि हेल्मेटावर अनुरक्त आहे, हे मी मान्य करतो.

पण मान्य करायचं तर पूर्ण करायला हवं, तुझ्या वलयांसकट. तुझ्या वलयांनी तो तुझ्यापेक्षाही मोठा, म्हणजे वाणीहून मोठाच. कोलूच्या पायरीवर चढलेली बाहुली त्या घरची होते. ती कोणी परत देत नाही, विकत नाही, तुझ्या आईला विचार. त्यात त्याची आरती माझ्या हातून झालेली. तेव्हा तो ह्या घरचा थोरला मुलगा ठरतो. त्याला आता आम्ही कूर्मराव म्हणतो.

थोरला बिनलग्नाचा बसलेला असताना धाकटीचं तांबूल घेतलं तर चार माणसं काय म्हणतील? तेव्हा आधी कूर्मरावांचं लग्न. जाणता तू ठरवलास, स्थळही तूच बघ. हेल्मेट चालणार नाही.

वेंकटराव

(वरच्या ओळींचं अक्षर वाकडं आलंय, कारण लिहिताना मी हसत होते. तू चिडशील. चिडू नकोस. माझी परीक्षा चांगली झाली. मी एक अर्ज भरलाय, तो नंतर सांगेन. "एवढं काय लिहितेस?" "पत्ता, अप्पा.")


तंजावूर
२५ मे २०२५

ती. मामा,

हे काय चाललंय? लग्न माझं अडलंय की कासवाचं? तुमचं पत्र वाचून मी काकाच्या इन्व्हर्टरच्या दुकानात एक स्टूल मोडलं. तुकोजी काका म्हणाला, "कासवाबरोबर वॉरंटी कार्ड नव्हतं आलं का रे? त्यावर तारीख असते." सगळे हसतात मला.

तरी स्थळ बघितलं. बघितलंच! कुंभकोणमला डॉक्टर मुरलीकृष्ण म्हणून दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या गच्चीवर ह्याच जातीची कासवी आहे, नाव लक्ष्मी. मी दवाखान्यात गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला खुर्चीत बसवलं, खुर्ची आडवी केली आणि तोंडात आरसा घातला. तोंड उघडं असताना स्थळ कसं सांगणार? दाढ साफ करून झाल्यावर म्हणालो, "सार, मी मुलाकडून आलोय."

ऐकून घेतलं त्यांनी. मग चष्मा पुसत विचारतात, "मुलगा काय करतो?"

"अंगणात फिरतो."

"शिक्षण?"

"नाही."

"मधेच सोडलं?"

मामा, खरं सांगा, तुम्ही त्यांना आधी फोन केला होता का? मी उठलो. दारापर्यंत गेलो. काच फुटेल इतक्या जोराने दार आपटणार होतो. मग वाणीचं वाकडं अक्षर आठवलं आणि परत येऊन त्या आडव्या खुर्चीवर बसलो. त्यांनी नक्षत्र विचारलं. कोलूवर चढला तो दिवस जन्म धरून मी पंचांग बघून सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मुलगा बघायला येतो."

शनिवारी, सात जूनला येताहेत. कूर्मरावांना आंघोळ घालून ठेवा. माझं हेल्मेट तेवढं लपवा, स्थळ मोडायला नको.

वरुणराव


पापनाशम
८ जून २०२५

चि. वरुणरावास आशीर्वाद.

हे पत्र मिळताच हिराबाईंना घेऊन निघ. शुक्रवार चांगला आहे. तांबूल आण. आता उजव्या डोळ्याला पट्टी आहे, पण मुहूर्त मी डाव्याने पाहिला.

काय झालं ते सांगतो. काल डॉक्टर आले. मी मुलाचा बाप म्हणून रेशमी वेष्टी नेसून बसलो होतो. त्यांनी कूर्मरावांना दोन्ही हातांनी जरासं उचललं, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाले, "सार, पोट सपाट आहे. शेपूट एवढंसं आहे. ही मुलगी आहे."

मी म्हटलं, "मुलगी?"

ते म्हणाले, "आमच्याकडेही मुलगीच आहे. कॉफी झाली की मी निघतो."

ते कॉफी पीत होते तेवढ्यात ती कढीपत्त्याखाली गेली आणि मागच्या पायांनी उकरू लागली. ह्या वेळी अर्धवट सोडलं नाही. शेषम्मा कुंपणावरून बघत होती. तीच ओरडली, "अय्यो! अंडी!" पांढरी, गोल, लिंबाएवढी. तुझं प्रेम ते हे होतं, वरुणराव. ती महिनाभर जागा शोधत होती, आणि तू त्या जागेवर हेल्मेट ठेवलंस.

डॉक्टर म्हणाले, नराशिवायही घालतात, त्यातून काही निघणार नाही. मी हे शेषम्मेला सांगितलं. ती म्हणाली, "सगळे असंच सांगतात."

कूर्मावतार स्त्री निघाला ह्याचं मला काही नाही. त्याच समुद्रमंथनात देवाने मोहिनीचंही रूप घेतलं होतं. पण माझ्या घरच्या बिनलग्नाच्या मुलीने अंडी घातली, ही बातमी संध्याकाळच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. देवळात दोघांनी विचारलं. घरात आणखी एक बिनलग्नाची मुलगी आहे. पुढे काही व्हायच्या आत तिचं तांबूल झालेलं बरं. कासव जाणतं झालं, त्याहून मोठा पुरावा मी मागू शकत नाही. माझा शब्द पुरा झाला. तू जिंकलास.

वेंकटराव

(वरुण, ह्यापुढचं अप्पांना वाचून दाखवणार नाही. ते शेषम्माशी भांडायला कुंपणाशी गेलेत.

मला चेन्नईच्या कॉलेजात एम.एस्सी.ला जागा मिळाली. फिजिक्स. दोन वर्षं. अर्ज तोच होता. अप्पांची शिकण्याला ना नाही, आत्याकडे राहा म्हणाले होते. पण काल रात्रीपासून म्हणताहेत, तांबूल झालेली मुलगी परगावी ठेवायची नसते, जबाबदारी दुसऱ्या घरची होते. तू "जाऊ द्या" म्हणालास तरी ऐकणार नाहीत. त्यांना नियम म्हणजे नियम.

शब्द कासवावर आहे. ते जाणतं नसेल तर तांबूल नाही, आणि मी जाऊ शकते. हे मी बोलले तर तो हट्ट होतो. तू बोललास तर पुरावा होतो.

मला तू हवा आहेस. हेही हवंय. हे तुला लिहायला मला फार जड जातंय, कारण तू जिंकलायस. ती मुलगी आहे हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. तू एकदा शेपूट बघितलं असतंस तर तुलाही कळलं असतं.

आले ते. वा.)


तंजावूर
११ जून २०२५

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. शुक्रवारी आम्ही येत नाही. तांबूल आणणार नाही.

तुम्ही साफ चुकताय! कासव जाणतं झालेलं नाही. अंडी घातली म्हणून जाणतं? मग शेषम्मेच्या सगळ्या कोंबड्यांना विचारून घर चालवा! आकार पुरावा नाही, तुम्हीच म्हणालात. वलयं पुरावा नाहीत, तेही तुम्हीच. जाणतेपण वागण्यात दिसतं म्हणालात ना? मग वागणं बघा तिचं. अंडी घातली, माती लोटली आणि मागे वळून न बघता निघून गेली असेल. आज पुन्हा जास्वंद खात असेल. माझ्या हेल्मेटशी अजून भांडत असेल. भांडते की नाही? वाणी, खरं सांग त्यांना. एवढं मोठं काम केलं आणि काय केलं ते तिचं तिला ठाऊक नाही. ह्याला जाणतं म्हणतात?

आणि एकदा घातलेल्या, आत काही नसलेल्या अंड्यांवर आयुष्याचा निर्णय कोण घेतो? घाई झाली की असंच होतं. घाईबद्दल मला कोणी शिकवू नये, मला सगळं ठाऊक आहे.

माझा हिशेब सांगतो. तिला अजून पुरी दोन वर्षं द्या. त्या आधी तिच्या पाठीवर हात ठेवून कोणी काही ठरवू नये. मी एक दिवस अलीकडे ऐकणार नाही. कोलूसमोर दिलेला शब्द आहे, तुम्हाला मोडता येणार नाही आणि मी मोडू देणार नाही.

आईने रेशमी साडी काढून ठेवली होती. ती रडली. मी तिला सांगितलं की मामांचं काही चुकलं नाही, मीच शेपूट बघितलं नव्हतं. तुकोजी काका म्हणाला, "डोक्यावर पडलास का?" पडलो असेन. हेल्मेट पापनाशमला आहे.

दरम्यान मी काय करणार ते विचारू नका. कॉलेजात गेलो होतो. तीच प्रयोगवही पहिल्यापासून लिहून दिली तर तिसरं वर्ष पुन्हा धरता येतं म्हणे. नुसती चौकशी केली. सरांनी बसायला सांगितलं, बसलो.

ह्या आधीचे तीन कागद फाडले. वाणीला सांगा, माझं अक्षर वाकडं आलंय. हसत होतो म्हणून नव्हे.

तुमचा,
वरुणराव


पापनाशम
१८ जून २०२५

चि. वरुणरावास अनेक आशीर्वाद.

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली. तुझें पत्र ह्या वेळीं मीं स्वतः वाचलें, दोनदां. कासव लहान आहे, मान्य.

वाणी सोमवारीं सकाळच्या गाडीनें चेन्नईस निघते. तूं दुसरें हेल्मेट घालून ये, पहिलें कासव सोडीत नाहीं. पापनाशमास गाडी फार थांबत नाहीं, ट्रंक जड आहे आणि डॉक्टरांनीं मला वजन उचलूं नये म्हटलें आहे. एक माणूस पाहिजे.

जाणता असावा.

वेंकटराव